कारच्या एसीतून गरम हवा? गॅस भरायला धावण्याआधी या चुका टाळा

एप्रिलमधली दुपार. सोलापुरात विजापूर रोडवरून घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो होतो. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो आणि एसीच्या जाळीतून चुलीपुढे बसल्यासारखी हवा यायला लागली. आई मागून म्हणाली, "अरे, खिडक्याच उघड की. बाहेर बरं आहे त्यापेक्षा." सिग्नल सुटला, शहर मागे पडलं, गाडीनं वेग घेतला आणि एसी पुन्हा गारेगार. तुळजापुरात पार्किंगच्या रांगेत परत तेच.

एवढं सविस्तर सांगतोय, कारण बिघाड काय होता ते यातच आहे. मला तेव्हा कळलं नाही. मेव्हण्यानं फोनवरच निदान केलं, "गॅस संपला असेल दाजी, भरून टाका." भरला. चार दिवसांनी पुन्हा गरम, म्हणून दुसऱ्या दुकानात पुन्हा भरला. पारा ४२-४३ वर गेला की सोलापुरात एसीच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत विचार करायला ना गिऱ्हाइकाला वेळ असतो, ना मेकॅनिकला.

पहिली चूक: 'गॅस संपला' हे धरूनच चालणं

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटून डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, सगळी करामत त्याचीच. रबरी होज आणि सांध्यांतल्या ओ-रिंगांतून (रबरी कड्यांतून) वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात 'संपला' असेल, तर तो गळलाय. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

गळती बऱ्याचदा डोळ्यांनाही दिसते. गॅसबरोबर कंप्रेसरचं ऑइल फिरत असतं, ते सांध्यातून बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, तेलकट डाग पडतो. तसा डाग कंडेन्सरवर किंवा पाइपच्या जोडावर दिसला की मेकॅनिकला तिथंच बोट दाखवा. नाही दिसला तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावायला सांगा.

आधी हे बघा: हवा कोमट की गरम, आणि कधी?

माझ्या मते निम्मं निदान इथंच होतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन तापायच्या आत, एसीचं बटण बंद ठेवून फक्त ब्लोअर लावा. तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर आणि हवा बाहेरची घ्या. इंजिन गरम होईपर्यंत, वीसेक मिनिटं गाडी चालवा. जाळीतून येणारी हवा बाहेरच्या हवेइतकीच असेल तर ठीक. पण ती बाहेरच्यापेक्षा चांगलीच गरम असेल, तर हीटरची उष्णता आत येतेय आणि तिथं गॅसचा काही दोष नाही. डॅशबोर्डच्या आत गरम आणि थंड हवा मिसळणारी एक झडप असते. ती फिरवणारी छोटी मोटर अडकली किंवा तिचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की असं होतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टिक-टिक आवाज येत असेल तर संशय तिच्यावरच घ्या. बॅटरी बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर झडपांच्या मोटरी आपली जागा विसरल्या असतील. काही गाड्यांत त्या पुन्हा सेट कराव्या लागतात, आणि ते मोटर बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

आता 'कधी' हा प्रश्न. चालताना गार आणि थांबल्यावर गरम, तर कंडेन्सरवर वारा पोचत नाही. सुरुवातीला छान गार, मग जाळीतून हवाच कमी कमी होत गेली, पण गाडी अर्धा तास बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, तर कुलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. हवा जोरात येते पण मध्येच गरम होते, एसी थोडा वेळ बंद ठेवून लावला की चालतो, तर कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच तापल्यावर सुटतोय. डावीकडे गार आणि उजवीकडे कोमट असेल तर झडप तरी किंवा कमी गॅस तरी. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जात असेल तर एसीचा विषय बाजूला ठेवा आणि गाडी थांबवा. इंजिन तापलं की गाडी स्वतःहूनच कंप्रेसर बंद करते.

आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल, तर त्या मिनिटभरात हवा कोमट होणं हा बिघाडच नाही. इंजिन थांबलं की कंप्रेसरही थांबतो. ती सोय बटणानं बंद करता येते.

दुसरी चूक: पंख्याकडे न बघणं

माझी गोष्ट इथं पूर्ण होते. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं गॅसचा दाब मोजणारं गेज लावायच्या आधी गाडी चालू ठेवायला सांगितली, एसी लावला आणि बॉनेट उघडून नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "अण्णा, मगभर पाणी आणा." पुढच्या जाळीतून त्यांनी ते हळूहळू कंडेन्सरवर सोडलं. आत बसलेल्या माझ्या मुलानं ओरडून सांगितलं, "बाबा, गार यायला लागलं!" दोन मिनिटांनी पुन्हा गरम. पंखा फिरतच नव्हता.

वेगात असताना वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते. पंखा बंद असला की कंडेन्सरमधला दाब चढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. अशा वेळी वरून गॅस भरला तर दाब आणखी वाढतो. म्हणजे मी दोनदा पैसे देऊन आजार वाढवला होता.

पंखा तपासायचा तर एसी लावून आवाज ऐका. हात मात्र आत घालू नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये बऱ्याचदा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अदलाबदल करून बघता येतो. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन झिजलेले असतील तर पंखा सकाळी फिरतो आणि दुपारी रुसतो. नुकताच पंखा बदलला असेल तर समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरून बघा. तो आत ओढला जायला हवा. बाहेर ढकलला गेला तर वायरी उलट्या जोडल्यात. हसू नका, हे होतं.

पंखा चांगला असूनही कंडेन्सर चोंदलेला असू शकतो. आपल्याकडची धूळ, उसाच्या ट्रॉलीमागून जाताना उडणारं पाचट, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज गाडी लावणाऱ्यांच्या नशिबी सुताचे तंतू. बागेच्या नळाच्या साध्या धारेनं, गाडी गार असताना धुवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार प्रेशरनं कंडेन्सरची नाजूक पाती वाकतात आणि मग वारा कायमचाच अडतो.

तिसरी चूक: दाब बघून गॅस भरणं

गॅस खरंच कमी निघाला तर तो वजनानं भरायचा असतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. इतक्या थोड्या मापात शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झाले की फरक पडतो. बंद गाडीला गेज लावून "दाब बरोबर आहे" म्हणणं काही कामाचं नाही. नळ्यांत थोडा जरी द्रव गॅस असला तरी दाब बाहेरच्या उष्णतेवर ठरतो, गॅस किती आहे त्यावर नाही. गॅसच्या नळ्यांचा जोड उघडला असेल तर जुना गॅस मशीननं काढून घेणं, अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारणं, तो टिकतो का बघणं आणि मग वजन करून भरणं, असा क्रम आहे. व्हॅक्यूमशिवाय नळ्यांतली हवा आणि ओल निघत नाही. ओलीचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर बर्फ होतो आणि एसी थांबून थांबून चालतो. आणि स्वस्तातल्या डब्यात नेमका काय गॅस आहे ते विचारा. काही मिश्रणं पेट घेणारी असतात.

क्लायमेट कंट्रोलवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची गाडी तापमान आपोआप सांभाळते त्यांच्यासाठी, थोडं वेगळं. डॅशबोर्डवर काचेजवळ एक छोटी काळी टिकली दिसते, तो उन्हाचा सेन्सर. त्यावर देवाची मूर्ती किंवा टॉवेल ठेवला की बाहेर ऊन आहे हे गाडीला कळतच नाही. बंपरमागे बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असतो. बंपरचं काम झाल्यावर त्याचा प्लग लावायचा राहिला, तर गाडीला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि ती कंप्रेसर सुरूच करत नाही. स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे काहीतरी दिसलं, तेही सोलापुरात, तर दुसरीकडे कुठं शोधू नका.

हवेचा जोरच कमी असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. माझ्या शेजाऱ्यांच्या फिल्टरवर कडुनिंबाची पानं आणि उंदराचं घरटं निघालं होतं.

माझ्या गाडीला शेवटी पंख्याची मोटर बसवली. गॅस मशीननं काढून वजन केला, तर स्टिकरवर ४५०, आत निघाले ६१०. त्यांनी मोजून ४५० परत भरले आणि उरलेला त्यांच्या सिलिंडरमध्ये ठेवला.