वस्तीतील कलेची बाजू कशी मांडावी: आधी नोंद, मग मागणी

नाटकाच्या तालमीची खोली, गाण्याचा वर्ग, भिंतीवरचे जुने चित्र किंवा लहानसे वाचनालय जाणार असल्याचे रहिवाशांना कळते, तेव्हा बहुधा निर्णय होऊन गेलेला असतो. मग घाईघाईने सह्या गोळा होतात, संतापाने निवेदने लिहिली जातात, आणि संबंधित अधिकारी एक साधा प्रश्न विचारतो: या जागेचा उपयोग नेमके किती लोक करतात? त्याचे उत्तर कागदावर दाखवता आले नाही, तर पुढची सगळी चर्चा भावनेवर येते आणि जागेचा बाजारभाव मांडणारा पक्ष सहज वरचढ ठरतो. म्हणून येथे सुचवलेला क्रम काहीसा उलटा वाटेल. आधी नियमित सहभाग, मग नोंद आणि त्यानंतर मागणी, असा हा क्रम असून तो कोणताही धोका दिसत नसतानाच सुरू करावा लागतो.

आपण कोणाकडे कृपा मागत नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सत्ताविसाव्या कलमाने समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हे कलम निवेदनात उद्धृत केल्याने लगेच काम होत नाही, परंतु मागणी करणाऱ्याच्या स्वरात त्याने फरक पडतो.

पहिली पायरी: काय आहे ते फिरून पाहावे

दोन-तीन जणांनी मिळून परिसर पायी फिरावा आणि दिसेल ते लिहून घ्यावे. सभागृह आणि कलादालन सर्वांना माहीत असतात. संध्याकाळी कोणाच्या घरी वाद्य शिकवले जाते, कोणत्या शाळेचा रंगमंच सुट्टीत रिकामा असतो, कोणती आजी जुनी गाणी जाणते, कोणता सुतार नेपथ्य उभे करून देतो, ही माहिती मात्र विचारल्याशिवाय मिळत नाही. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९३ मध्ये वस्तीविकासाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे: वस्तीत काय कमी आहे यापेक्षा काय आहे, येथून सुरुवात करावी. उणिवांची यादी घेऊन गेलेल्या गटाकडे गरजू म्हणून पाहिले जाते, तर साधनांची यादी घेऊन जाणारा गट भागीदार ठरू शकतो.

यादीत काय घ्यायचे हे एकट्याने ठरवू नये. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी युनेस्कोने २००३ मध्ये केलेल्या करारात वारशाची व्याख्याच अशी आहे की संबंधित समुदाय ज्याला आपला वारसा मानतात तो वारसा. वस्तीच्या पातळीवरही हीच कसोटी लावावी. सुशिक्षित मंडळींना आवडणारी कला तेवढी यादीत आली आणि तरुणांचे नृत्य किंवा नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांचे संगीत गळले, तर पुढे पाठिंबा मागताना अर्धी वस्ती बाजूलाच उभी राहील.

दुसरी पायरी: मागणीच्या आधी हजेरी

कार्यक्रमाला जावे, तिकीट असेल तर ते काढावे, आणि ओळखीमुळे फुकट बसण्याची सवलत घेऊ नये. कलाकाराला शक्य तेथे मानधन द्यावे. ते परवडत नसेल तर तसे आधी स्पष्ट सांगावे. 'तुमच्या कलेची ओळख होईल' या आश्वासनावर वर्षानुवर्षे काम करून घेणारे परिसर शेवटी चांगले कलाकार गमावतात, हे माझे ठाम मत आहे.

पैशाखेरीजही पुष्कळ मदत करता येते आणि अनेकदा तीच अधिक मोलाची ठरते. साहित्य ठेवायला कोरडी जागा देणे, खुर्च्या मांडणे, हिशेब लिहिणे, अर्ज भरून देणे, तालमीच्या वेळी लहान मुलांना सांभाळणे, ही कामे कोणीतरी नेमाने केली तर एखादा गट दहा वर्षे टिकतो. एका कामाला एकच नाव आणि ठरलेली वेळ जोडावी. 'सगळे मिळून करू' असे ठरलेले काम दुसऱ्या महिन्यात कोणाचेच राहत नाही.

तिसरी पायरी: नोंद

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक कार्यक्रमाची, वर्गाची आणि तालमीची तारीख, उपस्थितांची संख्या, त्यांतील मुले, प्रौढ आणि ज्येष्ठ किती, प्रथमच आलेले किती, भाडे किती भरले, स्वयंसेवकांनी किती तास दिले, एवढे एका वहीत किंवा साध्या तक्त्यात त्याच दिवशी लिहावे. आठवणीवर विसंबून महिन्याच्या शेवटी लिहिलेले आकडे नकळत फुगतात, आणि फुगलेला एक आकडा पकडला गेला तर उरलेल्या सगळ्या खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडतो. म्हणून डोकी प्रत्यक्ष मोजावीत आणि अंदाज असेल तेथे 'अंदाजे' असा शब्द घालावा.

आकड्यांसोबत माणसांचे शब्दही जपावेत. 'या जागेमुळे तुमच्या आयुष्यात काय बदलले?' असा मोठा प्रश्न विचारला की पाठ केल्यासारखी उत्तरे मिळतात. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात तुम्ही येथे का आलात?' असे विचारावे. छायाचित्रे घेताना परवानगी घ्यावी, मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि गरज नसलेली वैयक्तिक माहिती गोळाच करू नये.

पुराव्याचे बळ किती असते, याचे एक उदाहरण येथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया या इटालियन स्थलांतरित कामगाराने १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षे एकट्याने लोखंडी सळ्या, जाळी, सिमेंट आणि फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांतून मनोरे उभारले. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. रोडिया निघून गेल्यानंतर शहर प्रशासनाने हे मनोरे धोकादायक ठरवून पाडण्याचा आदेश काढला. ते वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या समितीने सौंदर्यावर वाद घालण्यात वेळ दवडला नाही. प्रशासनाचा आक्षेप मजबुतीचा होता, म्हणून उत्तरही मजबुतीचेच द्यायचे त्यांनी ठरवले. बड गोल्डस्टोन या अभियंत्याने भारचाचणीची योजना आखली आणि १० ऑक्टोबर १९५९ रोजी १०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोंचा ताण मनोऱ्यावर देण्यात आला. मनोरा हलला नाही, ताण देणारे उपकरणच वाकले. पाडण्याचा आदेश मागे पडला आणि १९९० मध्ये या मनोऱ्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. समोरचा पक्ष ज्या भाषेत आक्षेप घेतो त्याच भाषेत पुरावा द्यावा, हे त्या समितीला नेमके उमगले होते.

चौथी पायरी: निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधावे

जागा कोणाच्या मालकीची आहे, भाडेकराराची मुदत कधी संपते, वापराचा परवाना कोण देते आणि खर्चाला मंजुरी कोण देते, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे बहुधा चार वेगळ्या टेबलांवर असतात. खासगी मालक जागा विकत असेल तर सांस्कृतिक विभागाला पाठवलेले कितीही भावपूर्ण पत्र निरुपयोगी ठरते.

आपल्या येथील कायदा काय देतो हेही तपासावे, कारण काही ठिकाणी तो बराच उदार असतो. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार स्थानिक रहिवाशांचा किमान २१ जणांचा गट एखादी जागा समुदायासाठी मोलाची म्हणून नोंदवण्याची मागणी करू शकतो. अशी जागा विक्रीला निघाली आणि समुदायाने खरेदीत रस दाखवला, तर पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी मिळतो. फ्रान्समध्ये १९५१ पासून सार्वजनिक शैक्षणिक इमारतींच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखला जाऊ लागला, तर अमेरिकेतील फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये अशीच तरतूद केली. आपल्याकडे अशी तरतूद नसेल, तर ती अन्यत्र आहे हे निवेदनात नोंदवता येते. नवा पायंडा पाडण्यास बिचकणाऱ्या अधिकाऱ्याला अशा दाखल्यांचा आधार वाटतो.

पाचवी पायरी: एका पानाचे निवेदन

निवेदनात एकच मागणी असावी आणि ती मान्य झाली की नाही हे कोणालाही ओळखता यावे. 'परिसरातील सांस्कृतिक जीवनाला चालना द्यावी' ही मागणी मान्य करायला कोणाचीच हरकत नसते, म्हणूनच तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही. 'सभागृहाचा भाडेकरार सध्याच्या दराने आणखी पाच वर्षांसाठी वाढवावा' या मागणीला हो किंवा नाही म्हणावेच लागते. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात नोंदवहीतील तीन-चार आकडे, तिसऱ्यात एखाद्या वापरकर्त्याचा अनुभव, आणि शेवटी उत्तराची अपेक्षित तारीख एवढे पुरे. निवेदन समक्ष द्यावे, पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी.

वेळही साधावी लागते. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर गेलेली निधीची मागणी पुढच्या वर्षापर्यंत पडून राहते, म्हणून ते तयार होण्याच्या कित्येक महिने आधी भेट घ्यावी. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये नागरिकांना अंदाजपत्रकाच्या प्राधान्यक्रमात थेट सहभागी करून घेण्याची पद्धत सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. आपल्या शहरात अशी प्रक्रिया असेल, तर कलाप्रेमींनी तिच्या पहिल्याच बैठकीला जावे, कारण रस्ते आणि गटारे यांची बाजू मांडणारे लोक तेथे हमखास असतात.

भेटीला तिघांनी जावे: एक कलाकार, एक शेजारी आणि हिशेब सांगू शकणारा एक जण. भेट झाली की त्याच दिवशी काय ठरले ते दोन ओळींत लिहून संबंधितांना पाठवावे. पाठपुरावा कंटाळवाणा असतो, पण निम्म्याहून अधिक मागण्या पाठपुराव्याअभावीच विरतात, असे मला वाटते.

विरोध करणाऱ्या शेजाऱ्याकडे जावे

ही पायरी बहुतेक गट टाळतात. तालमीच्या आवाजाने ज्याची झोप मोडते तो कलेचा शत्रू नसतो. त्याची तक्रार खरी असते आणि ती प्रशासनापर्यंत पोहोचली तर आपल्या सर्व नोंदींवर भारी पडू शकते. त्याच्याकडे तक्रारीपूर्वी जावे, कार्यक्रमांच्या तारखा आगाऊ द्याव्यात, संपण्याची वेळ पाळावी, आणि कार्यक्रम चालू असताना फोन उचलेल अशा एका जबाबदार व्यक्तीचा क्रमांक द्यावा.

उलट प्रसंगही येतो. अनेक वर्षे चालत आलेल्या संगीताच्या जागेशेजारी नवी घरे बांधली जातात आणि नवे रहिवासी आवाजाची तक्रार करतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने २०१८ मध्ये यावर एक न्याय्य तत्त्व स्वीकारले: परिस्थितीत बदल जो घडवतो, त्यानेच आवाज रोखण्याची व्यवस्था करावी. नवे बांधकाम प्रस्तावित असतानाच आपली हरकत नोंदवून ही अट मागावी. घरे उभी राहिल्यावर ती मागण्याची संधी उरत नाही.

करार आणि हिशेब

भिंतीवर चित्र काढायचे असेल तर भिंतीचा मालक, कलाकार आणि परिसरातील गट यांच्यात लेखी करार करावा. चित्र किती वर्षे राहील, दुरुस्ती कोण करील, छायाचित्रांचा व्यावसायिक वापर कोणाला करता येईल, आणि चित्र पुसायचे झाल्यास कलाकाराला किती दिवस आधी कळवावे, हे त्यात असावे. न्यू यॉर्कमधील फाइव्ह पॉइंट्झ या चित्रांनी भरलेल्या इमारतीच्या भिंती मालकाने २०१३ मध्ये पांढऱ्या रंगाने पुसून टाकल्या. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना सुमारे ६७ लाख डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला. भरपाई मिळाली, तरी चित्रे परत आली नाहीत. अशी वेळ येऊ नये यासाठी दोन पानांचा करार पुरला असता की नाही हे सांगता येत नाही, परंतु करार करण्याचा खर्च फार थोडा असतो.

हिशेबाबद्दल एवढेच: वर्गणी आणि देणग्यांसाठी स्वतंत्र खाते असावे, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांना दिसेल असा लावावा.

मागणी मान्य झाल्यानंतर

तोंडी आश्वासनावर समाधान मानू नये. ठरावाची, आदेशाची किंवा कराराची प्रत हातात येईपर्यंत काम अपुरे समजावे. नंतर एक अवघड गोष्ट तपासावी: वाचवलेली जागा खरोखर सर्वांसाठी उघडी आहे का? वेळापत्रक एकाच गटाच्या हाती गेले, किंवा जागेचा लौकिक वाढून भाडे इतके चढले की नवशिक्यांना ती परवडेनाशी झाली, तर पुढच्या वेळी पाठिंब्याला कोण येणार? काही तास अल्प दरात नव्या गटांसाठी राखून ठेवावेत आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत दरवर्षी किमान एक नवा सदस्य घ्यावा.

नोंदवही मात्र थांबवू नये. तिच्या पहिल्या पानावर कराराची मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि तिच्या एक वर्ष आधीची तारीख त्याखाली लिहून त्या दिवशी बैठक बोलावण्याची जबाबदारी आजच कोणाच्या तरी नावे टाकावी.