रशियनमधला ‘करणारा’: कुठे त्येल, कुठे चिक

शिकवतो तो शिक्षक, शेती करतो तो शेतकरी, दुकान असलेला दुकानदार, पण रिक्षा असलेला रिक्षावाला. ‘रिक्षादार’ का नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. काम करणाऱ्याचं नाव घडवणारे रशियन प्रत्ययही असेच हट्टी आहेत, पण त्यांतले काही नियम पक्के आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत असा की घरी, आधी ते हाताशी घ्या. (खाली शब्द स्पेलिंगप्रमाणे लिहिले आहेत, उच्चार वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.)

सुरुवात त्येलपासून. क्रियापदाचं मूळ रूप घ्या, शेवटचा त्य काढा, त्येल लावा. पिसात्य म्हणजे लिहिणं, पिसात्येल म्हणजे लेखक. उचीत्य, उचीत्येल: शिक्षक. पोकुपात्य, पोकुपात्येल: गिऱ्हाईक. शेवटचा ल मऊ (जीभ टाळूकडे उचलून म्हटलेला) असतो आणि शब्द पुल्लिंगी. स्त्रोइत्य (बांधणं) मध्ये आघात ‘स्त्रो’वर असतो, स्त्रोईत्येल (बांधकाम करणारा) मध्ये तो ‘ई’वर सरकतो. आणि त्येल दिसला की माणूसच असेल असं धरू नका: द्वीगात्येल म्हणजे इंजिन.

हा साचा सगळीकडे चालत नाही. प्येत्य (गाणं) वरून ‘प्येत्येल’ होत नाही, प्येव्येत्स होतो. विकणारा तो प्रोदाव्येत्स. इथला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चोर’मधला च, तेव्हा मराठी जिभेला तो अवघड नाही. चुकतं ते विभक्तीत: प्रोदाव्येत्सचं षष्ठीचं रूप प्रोदाव्त्सा, मधला ‘ये’ गळून पडतो.

खरी गंमत चिक आणि श्शिकमध्ये आहे. मार्केट यार्डातला हमाल घ्या. ग्रूझ म्हणजे माल, त्यावरून ग्रूझचिक. पण बोलताना झ आणि च मिसळून ऐकू येतं ‘ग्रूश्शिक’, आणि कानावर विसंबून लिहिणारा हमखास श्शिक लिहितो. म्हणून कानाला विचारू नका, त्याआधीचं अक्षर बघा. द, त, झ, स किंवा रशियन ‘ж’ (जाड झ) असेल तर चिक: पेरेवोदचिक (अनुवादक), ल्योतचिक (वैमानिक). बाकी बहुतेक ठिकाणी श्शिक: ढोल-ताशा पथकातला वादक बाराबानश्शिक, गवंडी कामेनश्शिक. मूळ शब्दाच्या शेवटी च असेल तर त्याचा त होतो: दोबीचा (खाणीतलं उत्पादन) वरून दोबीतचिक. अपवाद परक्या शब्दांचा: त्यांच्या शेवटी त असून त्याआधी आणखी एक व्यंजन असेल, तर श्शिकच, जसं आस्फाल्तश्शिक, रस्त्यावर डांबर टाकणारा.

मऊपणाच्या चिन्हाचंही (ь, आधीचं व्यंजन मऊ आहे हे दाखवणारं अक्षर) लक्षात ठेवा. श्शिकच्या आधी ते फक्त ल नंतर टिकतं: बोल्येल्श्शिक, म्हणजे संघाचा चाहता. कामेन्य (दगड) मध्ये चिन्ह आहे, पण कामेनश्शिकमध्ये ते जातं.

परकी मुळं बहुधा इस्त घेतात: प्रोग्रामिस्त, झुर्नालिस्त, ताक्सिस्त. नामावरून निक: श्कोला, श्कोल्निक (शाळकरी मुलगा). पेकार (बेकरीवाला) मधला ‘आर’ थोड्याच शब्दांत भेटतो, ते शब्द तसेच पाठ करा.

स्त्रीलिंग करताना त्येलला नित्सा जोडा: पिसात्येलनित्सा. निकचं नित्सा, चिकचं चित्सा, इस्तला का. प्येव्येत्सचं मात्र प्येवीत्सा, आणि प्रोदाव्येत्सचं चक्क प्रोदाव्श्शित्सा. इस्तमध्ये एक खड्डा आहे: माशिनिस्त म्हणजे डेक्कन क्वीन चालवणारा, माशिनिस्तका म्हणजे टायपिस्ट बाई. इंजिन बाई चालवत असेल, तरी तिला माशिनिस्तच म्हणा.