पावसाळाभर उभी राहिलेली येझदी दसऱ्याला चालू करताना

मृगाला शेडमध्ये लावलेली येझदी मोटरसायकल खंडेनवमीला बाहेर काढायची आणि धडाधड किका मारायच्या, ही साताऱ्याकडची जुनी खोड. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकला ती मानवत नाही. पूजेच्या आठ दिवस आधी कामाला लागा.

आधी टाकी. आतलं जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर तो पाणी आणि इथेनॉलचा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. तळालाच कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची तोटी असते, त्यामुळे पहिल्यांदा कार्बोरेटरमध्ये तेच उतरतं. असलं पेट्रोल गाळून वापरू नका.

टाकीत गंज असेल तर कॉक काढून भोक बुजवा, नाहीतर कॉकही खराब होतो. मूठभर छोटे नट आणि साधं व्हिनेगर घालून टाकी दिवसभर ठेवा, मधूनमधून हलवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आणि शेवटी साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. सुकल्या सुकल्या आत टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं ऑइल) फिरवा. इथे आळस केला तर संध्याकाळपर्यंत नवा तांबूस गंज धरलेला दिसेल.

नवं पेट्रोल लिटरला 40 मिली टूटी ऑइल या हिशेबानं, कॅनमध्ये ढवळून मगच टाकीत. ऑइल थेट टाकीत ओतलं तर ते तळाला जाऊन कॉकपाशी साचतं आणि प्लग काळा होतो.

आता प्लग काढा. कॉक चुकून उघडा राहिला असेल तर पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात उतरलेलं असतं. प्लग बाहेर ठेवून, इग्निशन बंद ठेवून हळूहळू आठ-दहा किका मारा. गियरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, हे नव्या माणसाला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो उजवीकडे किक शोधत बसतो. प्लगच्या भोकातून पेट्रोल उडालं तर ते थांबेपर्यंत चालू द्या.

करंट नाही म्हणून लोक आधी कॉइल बदलतात. सहा व्होल्टच्या गाडीत बहुतेक वेळा दोष पॉइंटचा, म्हणजे उघडझाप होऊन प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्काचा असतो. ओलाव्यानं पॉइंटवर राखाडी पापुद्रा धरतो आणि एवढ्याशा व्होल्टेजला अडवायला तोही पुरतो. बारीक पॉलिश पेपरनं घासा, मग पेट्रोलात भिजवलेला जाड कागद मधून ओढा. पेपरची कच राहिली तर पॉइंट पुन्हा जळतात. गॅप पूर्ण उघडल्यावर 0.4 मिमी. करंट बघताना प्लग सिलिंडरच्या फिनला टेकवा, पण भोकापासून लांब. आतून पेट्रोलची वाफ येत असते.

क्लच प्लेटा चिकटलेल्या असतात. गाडी टॉप गियरमध्ये टाकून, क्लच दाबून पुढे-मागे ढकलली की सुटतात.

चालू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं दोन्ही सायलेंसरमधून धूर येणारच, साचलेलं ऑइल जळतं. त्यानंतरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गियर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचच्या बाजूचं, म्हणजे डावं क्रँक सील (क्रँककेस हवाबंद ठेवणारी रबरी कडी) गेलं. याउलट अ‍ॅक्सिलरेटरची मूठ बंद करूनही इंजिनाचा आवाज चढत गेला तर लगेच बंद करा. कुठून तरी जादा हवा शिरते आहे. आधी कार्बोरेटरचे नट आणि गास्केट बघा, मग डायनामोकडचं उजवं सील. असं चालवत राहिलं तर पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

संग्रहालयातल्या गाड्यांना महिन्यातून पाच मिनिटं चालू करण्याची पद्धत आहे, ती बंदच करा. इंजिन धड तापत नाही आणि सायलेंसरमध्ये पाणी तेवढं साचतं. एकतर पंधरा-वीस किलोमीटर फिरवा, नाहीतर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून, प्लगमधून दोन चमचे ऑइल सोडून गाडी कोरडी ठेवा. वर प्लास्टिक नको, सुती चादर घाला. पाहुणे मुठी पिळतात, पोरं बसतात. बॅटरीची वायर काढलेली बरी.

संग्रहालयात गाडीपुढचा फलक लिहिताना टाकीवरच्या बॅजवर विसंबू नका. म्हैसूरच्या कारखान्यात 1961पासून जावा बनली, 1973पासून येझदी नाव आलं, 1996मध्ये उत्पादन थांबलं. मरून रंग आणि क्रोमची टाकी चढवून जावा म्हणून मिरवणाऱ्या येझदी कमी नाहीत.

पूजेचा नारळ गाडीवर नको, बाजूला फोडा. कुंकवाचं पाणी क्रोमवरून त्याच दिवशी पुसा.

पहिली फेरी सपाटीवर, वाढेफाट्यापर्यंत. कासकडे जायचंच असेल तर चढापेक्षा उताराला जपा. यवतेश्वर घाट उतरताना मूठ बंद ठेवून गाडी गियरवर सोडली की पेट्रोल थांबतं, आणि त्यात मिसळलेलं ऑइलही. इंजिन मात्र फिरतच असतं. दर थोड्या वेळानं क्लच दाबून मूठ किंचित पिळा आणि वेग ब्रेकवर सांभाळा.