ऑनलाइन बायबल अभ्यासात बहिणी गप्प बसायच्या, त्यावर लागू पडलेला उपाय

लक्षण असं: सगळ्या वेळेवर जोडल्या जातात, पण प्रश्न विचारला की माइक बंदच. नाव घेऊन विचारलं, वेळ वाढवली, आधी लांबलचक नोट्स पाठवल्या. नोट्समुळे तर उलट परीक्षेची भीती बसली. वैताग आला होता.

लागू पडलं ते या क्रमाने. आधी पुस्तक लहान घेतलं: रूथ, ४ अध्याय, ८५ वचनं. आदल्या दिवशी ग्रुपवर उतारा एकाच भाषांतरातला पाठवायचा. प्रत्येकीचं बायबल वेगळं असलं की वाचताना ओळ चुकते आणि बाई गप्प होते. झूमच्या वेब सेटिंगमध्ये ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या) आधीच चालू करून ठेवा. मोफत मीटिंग ४० मिनिटांत तुटते, म्हणून प्रार्थना ३, वाचन ५, तिघी-तिघींच्या खोल्यांत चर्चा १५, परत एकत्र १२ मिनिटं.

पहिला प्रश्न असा हवा की उत्तर वचनातच सापडेल: ‘अध्याय १, वचन २० मध्ये रूथची सासू नामी स्वतःला काय म्हणायला सांगते?’ ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे त्यानंतर. प्रश्न विचारून मनात वीसपर्यंत मोजा. चालवणारीने मध्येच उत्तर दिलं की सगळं मुसळ केरात. खोलीतलं खाजगी बाहेर जाणार नाही, हे दर वेळी सांगाच. रेकॉर्डिंग बंद.