गुडघ्याचा एक्स-रे: आधी नॉर्मल डोळ्यांत बसवा

गुडघ्याची फिल्म समोर आली की नवशिक्याची नजर थेट दोन हाडांमधल्या फटीवर जाते आणि तोंडातून 'गॅप कमी झालाय' निघून जातं. जरा थांबा. आधी फिल्म सरळ निघाली आहे का, ते बघा.

एपी, म्हणजे समोरून दिसणाऱ्या, फिल्ममध्ये फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) ज्या बाजूला, ती गुडघ्याची बाहेरची बाजू. फिब्युलाच्या डोक्याचा साधारण एक तृतीयांश भाग टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) सावलीत असावा. डोकं पूर्ण मोकळं दिसलं तर पाय आत वळलेला, जास्त झाकलं गेलं तर बाहेर. अशा फिल्मवर फट मोजण्यात अर्थ नाही.

आता ती फट. ती रिकामी नसते. कूर्चा आणि मेनिस्कस (हाडांमधली गादी) तिथेच असतात, फक्त एक्स-रेत उमटत नाहीत. पेशंट झोपलेला असेल तर झिजलेल्या गुडघ्यातही ती ऐसपैस दिसू शकते. म्हणून झीज बघायची तर फिल्म उभं राहूनच, आणि दोन्ही गुडघ्यांची. ('वंगण संपलंय का?' असं पेशंट हमखास विचारतात. वंगण एक्स-रेत दिसत नाही.)

खरा मजकूर लॅटरलमध्ये, म्हणजे बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये, असतो. गुडघा 20 ते 30 अंश वाकलेला हवा आणि फीमरचे (मांडीच्या हाडाचे) दोन्ही कॉन्डाइल, म्हणजे खालची गोलसर टोकं, एकावर एक बसलेले हवेत. वाटीच्या वर, क्वाड्रिसेप्स टेंडनच्या (मांडीचा पुढचा स्नायू वाटीला जोडणाऱ्या दोरीच्या) मागे चरबीचे दोन काळसर पट्टे शोधा. त्यांच्यामधली करडी रेघ 5 मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर ठीक; 10 च्या पुढे गेली तर सांध्यात पाणी किंवा रक्त आहे असं धरा. गुडघा जास्त वाकवला की टेंडन ताणला जातो, ही जागा दाबली जाते आणि थोडं पाणी असलं तरी लपतं. फिल्म परत घ्यायला सांगताना लाजू नका.

वाटी वर सरकली आहे का, हेही लॅटरलवरच कळतं. वाटीखालच्या टेंडनची लांबी भागिले वाटीची तिरकी लांबी, उत्तर 0.8 ते 1.2 च्या दरम्यान यावं.

फसवणाऱ्या गोष्टी मोजक्याच. कॉन्डाइलच्या मागे दिसणारा हाडाचा गोल मणी म्हणजे फॅबेला, सुटलेला तुकडा नव्हे. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात वेगळा तुकडा दिसला तर ती जन्मजात दोन भागांची वाटी असू शकते. कड बघा: गुळगुळीत, पांढऱ्या किनारीची असेल तर जुनी रचना, खडबडीत, किनार नसलेली असेल तर ताजं फ्रॅक्चर.

लहान मुलांत वाटी साधारण 3 ते 5 वर्षांपर्यंत दिसतच नाही. हाडांच्या टोकांजवळची काळी नागमोडी रेघ ही वाढीची पट्टी असते. शंका आली तर दुसऱ्या गुडघ्याची फिल्म घेऊन शेजारी लावा.