पॅन्थिऑनवर शीट करताय? या चुका टाळा

आर्किटेक्चरच्या पोरांच्या शीट्स, म्हणजे ड्रॉइंगचे कागद, तपासून तपासून मला आता पहिल्या ओळीतच कळतं, चूक कुठे होणार ते. रोमच्या पॅन्थिऑनवर, त्या घुमटाच्या प्राचीन देवळावर, तर हमखास.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दारावरची पाटी वाचून तारीख ठोकून देणं. कपाळपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की लुसियसचा मुलगा मार्कुस अग्रिपा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. म्हणजे इ.स.पू. 27, झालं काम! गेल्या वर्षी एका मुलाने अख्खं प्रेझेंटेशन याच्यावर उभं केलं, घुमट म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या काळातला चमत्कार वगैरे, मॉडेल सुद्धा सुंदर केलेलं, आणि मी विचारलं की विटांवर भट्टीवाल्यांनी उमटवलेले शिक्के कुठल्या काळातले आहेत रे, तर गप्प. रात्रभर जागून केलेलं काम पाच मिनिटांत गेलं, मलाच वाईट वाटलं. अग्रिपाचं देऊळ इ.स. 80 मध्ये जळलं, सम्राट डोमिशियनने परत बांधलं, ते 110 मध्ये वीज पडून पुन्हा जळलं. आज उभं आहे ते सम्राट ट्रेजनच्या शेवटच्या वर्षांत सुरू होऊन साधारण 125 च्या सुमारास पुढचा सम्राट हेड्रियनच्या काळात पुरं झालं, त्याने नाव मात्र अग्रिपाचंच ठेवलं. विटांचे शिक्के 1892 मध्ये नीट तपासले तेव्हा कुठे हे उलगडलं. त्याच पाटीखाली बारीक अक्षरात 202 च्या डागडुजीची नोंद आहे, तीही कोणी बघत नाही. मी तर आधी शिक्के, मग पाटी असंच वाचते.

दुसरी चूक, “घुमटाच्या माथ्यावरच्या उघड्या भोकातून पाऊस आत येतच नाही”. येतो हो! मी पहिल्यांदा गेले तेव्हा नोव्हेंबर होता, मधली फरशी चिंब, दोरी लावून तेवढी जागा बंद केलेली. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिला 22 भोकं आहेत पाणी जायला, पाऊस येत नसता तर ती कशाला केली असती?

कॉंक्रीट म्हणजे आरसीसी नाही, घुमटात सळई एकही नाही. खाली जड दगडाची खडी, वर जाताना हलकी होत जाते, माथ्याला प्युमिस, म्हणजे सच्छिद्र हलका ज्वालामुखीचा दगड, जाडी तळाशी सहा मीटरच्या वर आणि भोकाच्या कडेला सव्वाच्या आसपास. हे सेक्शनमध्ये (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) दाखवत नसाल तर सेक्शन काढूच नका.

नावांची गल्लत करू नका, पार्थेनॉन वेगळं, ते अथेन्समध्ये आहे. आणि पॅन्थिऑनचं देऊळ टिकलं ते नुसत्या मजबुतीने नाही, 609 मध्ये त्याचं चर्च झालं म्हणून, हे लिहायला विसरतात.

सॉफ्टवेअरमधून तयार सेक्शन उचलायची घाई करू नका. कंपास घ्या, 43.3 मीटर व्यासाचं वर्तुळ स्केलला काढा, त्याचा खालचा बिंदू फरशीला टेकतो आणि वरचा अर्धा भाग म्हणजे घुमट. मग बाकीच्या भिंती त्याच्याभोवती उभ्या करा.