पावसाळ्यात घरचा स्विमिंग टँक बंद कसा करायचा आणि होळीला परत कसा उघडायचा

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. त्याच्या घरामागं टँक आहे आणि सप्टेंबर संपला की त्याची पळापळ सुरू होते, कारण तिथं पाणी गोठतं, गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप, पंप, फिल्टर जे मधे येईल ते फोडतं. म्हणून तो पाणी स्किमरच्या (भिंतीतल्या पाला-कचरा ओढणाऱ्या खाचेच्या) तोंडाखाली उतरवतो, कंप्रेसरनं लाइनीतलं पाणी फुंकून काढतो, रबरी बूच मारतो, पंप उचलून गॅरेजमध्ये ठेवतो आणि वरून झाकण ओढतो. आपल्या कोल्हापुरात असलं काही नाही, दिवाळीनंतर पाणी एवढं गार पडतं की पोरं पाय घालून परत येतात, बास. आपलं दुखणं पावसाचं. पण टँक पूर्ण रिकामा करायचा नाही, हे दोन्हीकडं सारखंच.

आमच्या ओळखीतल्या एकानं "पावसात कोण पोहतंय" म्हणत जुलैत सगळं पाणी सोडून दिलं. रान नदीकाठचं, पावसानं जमिनीतलं पाणी वर आलं आणि फायबरचा टँक होडीसारखा वीतभर उचलला, कडेच्या फरश्या उखडल्या ते वेगळंच. आतलं पाणी हेच टँकला दाबून धरणारं वजन असतं भावा.

तर मृग लागायच्या आधी तळ घासून घ्या, पाला काढा, फिल्टरला बॅकवॉश मारा (म्हणजे पाणी उलटं फिरवून अडकलेली घाण बाहेर काढा) आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा-खारेपणा, 7.2 ते 7.6 मध्ये आणा. ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा आहे ना ते बघा, तो तुंबला की पाणी थेट मोटरच्या खड्ड्यात. खड्डा भरत असेल तर मोटर काढून माळ्यावर टाका, उंचावर असेल तर रोज तासभर फिरवा. वरून ताडपत्री नको, ती पोटात पाणी धरते, डास होतात आणि एखादं पोरगं त्यावर चढलं तर संपलंच, पाल्यासाठी घट्ट जाळी बांधा. पाऊस क्लोरीन पातळ करतो म्हणून आठवड्यातून एकदा तपासून टाकायचंच, डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवस साचलेलं पाणी पुरतं.

होळीच्या आसपास उघडताना पाणी हिरवं दिसलं तर घाबरू नका, आमचं दरवर्षी दिसतं, घरचे त्याला रंकाळा तलाव म्हणतात. आधी जाळीनं पाला काढा, भिंती ब्रशनं घासा, पीएच नीट करा आणि मग संध्याकाळी शॉक द्या, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, दिवसा उन्हानं क्लोरीन उडून जातं. हिशेब असा: 20 बाय 10 फूट आणि 4 फूट खोल म्हणजे अंदाजे 22,600 लिटर, 10 पीपीएमसाठी (लिटरमागं 10 मिलिग्रॅम क्लोरीन) 65 टक्केवालं दाणेदार क्लोरीन साधारण 350 ग्रॅम. शेवाळ दाट असेल तर दुसऱ्या दिवशी परत. साधी ब्लीचिंग पावडरपण चालते पण ती दुपटीपेक्षा जास्त लागते आणि तळाला चुना बसतो.

बादलीत आधी पाणी, मग पावडर, उलटं कधीच नाही. आणि क्लोरीनच्या गोळ्यांसाठी वापरलेला मग (मोजायचं भांडं) या पावडरीत घालायचा नाही, दोन्ही एकत्र आले की आग लागते, खरंच लागते.

मग मोटर दिवस-रात्र चालू ठेवा. मेलेलं शेवाळ फिल्टरमध्ये अडकतं, फिल्टरवरचं दाबाचं गेज नेहमीपेक्षा 8-10 पीएसआय वर गेलं की बॅकवॉश. तरी गढूळ राहिलं तर थोडी तुरटी विरघळवून टाका, मोटर रात्रभर बंद, सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमनं फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढा. तुरटीनं पीएच उतरतो, तो परत बघा.

तळाची जाळी स्पष्ट दिसली आणि पाणी तपासायच्या स्ट्रिपवर क्लोरीन 1 ते 3 पीपीएमच्या मधे आलं की पोरांना सोडा, तोपर्यंत भडंग देऊन काठावर बसवा.